भयकथेच्या मुखपृष्ठावर एअरब्रश कुठे चालवायचा आणि कुठे हात आवरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भयकथांच्या कॉमिकसाठी मुखपृष्ठ रंगवायचं आहे, तेही संगणकावर नाही, बोर्डवर. चित्रात एक मुलगी कंदील घेऊन जुन्या लाकडी जिन्यावर उभी आहे आणि वरच्या कठड्यावरून अंधारातलं काहीतरी तिच्याकडे वाकून बघतंय. अ‍ॅक्रेलिकने सगळं रंगवून झाल्यावर शेवटी एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राने) धुकं, सावल्या आणि कंदिलाभोवतीची प्रभा मारली. त्यानंतर मुलीचा चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा गुळगुळीत झाला, वरचं भूत ढगासारखं दिसायला लागलं, आणि छपाईचा नमुना हातात आला तेव्हा अर्धा जिना काळ्या डागात बुडालेला होता. कुठे चुकलं, आणि पुन्हा करायचं झालं तर कसं करावं?

या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. एअरब्रश सगळ्यात शेवटी आला आणि सगळीकडे सारखाच फिरला. त्यामुळे चित्रातली प्रत्येक कड मऊ झाली. माझ्या अनुभवात भयचित्राचा सगळा जीव कडांमध्ये असतो. रंग, रक्त, दात, डोळे हे नंतरचं. कुठली कड धारदार ठेवायची आणि कुठली अंधारात विरघळू द्यायची हे ठरलं की निम्मं चित्र झालं. ते न ठरवता हवा देणारा काँप्रेसर सुरू केला, तर एअरब्रश तो निर्णय आपल्याऐवजी घेतो, आणि त्याला मऊपणाखेरीज दुसरं काही येत नाही.

डोळा धारदार कडेवर थांबतो आणि मऊ कडेवरून घसरतो. घसरताना जे दिसलं नाही ते मन स्वतः भरून काढतं, आणि मन जे भरतं ते आपण रंगवलेल्या कुठल्याही चेहऱ्यापेक्षा भयंकर असतं. पण त्यासाठी मनाला एक तरी पक्का पुरावा हवा. सगळंच धूसर असेल तर बघणारा म्हणतो, धुकं आहे. धुक्यात एकच गोष्ट लख्ख दिसली तर तो म्हणतो, तिथे कोणीतरी आहे.

तुमच्या चित्रात हा पुरावा म्हणजे कठड्यावर टेकलेली बोटं. भुताचा चेहरा रंगवण्यात आठवडा घालवण्याऐवजी मी त्या चार बोटांवर एक संध्याकाळ घालवीन. मनगटापासून वर सगळं फवाऱ्याने अंधारात नेईन, इतकं की हात कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळूच नये. बोटं मात्र दोन नंबरच्या गोल ब्रशने, घट्ट रंगात. नखांसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये रॉ अंबर आणि अगदी टोकाएवढा हिरवा. लाकडावर जोर देऊन टेकलेल्या बोटाचं टोक जरा चपटं होतं, नखाच्या मुळाशी रक्त गोळा होतं आणि पुढचा भाग पांढरा पडतो. हा पांढरेपणा रंगवला की हाताचं वजन जाणवतं. चारही नखांवर चमक देऊ नये. एकावरच द्यावी, ती केसाएवढ्या रेघेची. एका नखाला उभी चीर असू द्या. आणि बोटाखाली, लाकडाला जिथे बोट लागतं तिथे, चित्रातली सगळ्यात गडद आणि सगळ्यात धारदार रेघ. ती रेघ नसली तर बोट कठड्यावर टेकत नाही, तरंगतं.

आता सुरुवातीपासून.

पहिली लहान रेखाटनं काडेपेटीच्या आकाराची करा, दहा-बारा तरी, आणि फक्त तीन छटांत: काळी, मधली, पांढरी. मुखपृष्ठ दुरून, इतर पंचवीस मुखपृष्ठांच्या गर्दीत, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढं दिसणार असतं. त्या आकारात जे कळत नाही ते मोठं करूनही कळणार नाही. तुमच्या विषयात मधोमध एक उजेडाचा तुकडा (कंदील आणि मुलगी) आणि वर एक ओळखता येणारा काळा आकार, एवढंच असायला हवं. भूत काळ्यावर काळं असेल तर त्याच्या मागची भिंत एक छटा उजळ ठेवावी लागते, म्हणजे बाह्याकृती वाचता येते. हे इथेच ठरवायचं, बोर्डवर नाही.

नावाची जागा आधीच रिकामी सोडा. कॉमिकचं शीर्षक बहुतेक वेळा वरच्या चतुर्थांशात येतं, आणि तुमचं भूत नेमकं तिथेच आहे. संपादकाकडून शीर्षकाचा आकार मागून घ्या, पारदर्शक कागदावर काढा आणि रेखाटनावर ठेवून बघा. बारकोडचा चौकोनही असाच विचारून घ्या. अमेरिकन पद्धतीच्या कॉमिकचा छापील आकार साधारण ६.६२५ बाय १०.२५ इंच असतो, मूळ चित्र त्याच्या दीडपट केलं तर जवळजवळ १० बाय १५.४ इंच होतं. चारही बाजूंनी कापणीसाठी छापील मापात सुमारे ३ मिलिमीटर जास्त द्यावे लागतात, म्हणजे दीडपट चित्रात साडेचार-पाच. तुमचा प्रकाशक वेगळा आकार वापरत असेल तर त्याचंच माप घ्या, पण चित्र दुपटीपेक्षा मोठं करू नका. फार मोठं चित्र लहान होताना मऊ कडा कडक होतात आणि बारीक पोत मरून जातो.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या चित्रात कंदील आहे आणि कंदील फार प्रामाणिक दिवा आहे. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. मुलीचा चेहरा कंदिलापासून एक फुटावर असेल तर दोन फुटांवरच्या पायरीवर चौथा हिस्सा उजेड पडतो, चार फुटांवर सोळावा, आणि आठ फुटांवर, जिथे तुमचं भूत आहे, चौसष्टावा. डोळा यातलं बरंच सांभाळून घेतो, त्यामुळे हिशेब जसाच्या तसा रंगवायचा नसतो. पण दिशा तीच ठेवायची. म्हणजे कंदिलाचा पिवळा उजेड भुतावर मुलीइतका पडूच शकत नाही. तुम्ही तो पाडलात, म्हणून भूत खोलीत उभ्या असलेल्या पाहुण्यासारखं दिसतं. भुताला वेगळा, थंड आणि क्षीण उजेड द्या. वरच्या खिडकीतून आलेला हिरवट-निळा उजेड फक्त खांद्याच्या कडेवर आणि बोटांवर. कंदिलाची आठवण म्हणून डोळ्यांत पिवळा ठिपका चालेल, तो एवढ्या अंतरावरूनही चमकतो.

दोन विरुद्ध रंगांच्या उजेडाची ही युक्ती जुनी आहे. बेसिल गोगोस या चित्रकाराने १९६० पासून राक्षसपटांच्या एका अमेरिकन मासिकासाठी मुखपृष्ठं केली. त्याच्याकडे संदर्भाला बहुधा कृष्णधवल छायाचित्रं असायची, आणि तो चेहऱ्यावर लाल, हिरवा, पिवळा, जांभळा असे उजेड स्वतःच्या मनाने टाकायचा. ते रंग वास्तवातले नव्हते, पण छटा अचूक असल्यामुळे चेहरा पटतो. दुसरा अभ्यासावा असा चित्रकार रिचर्ड कॉर्बेन. भयकथांच्या कॉमिकमध्ये एअरब्रश इतका घनदाट क्वचितच कोणी वापरला असेल. तो मातीची डोकी बनवून त्यांवर दिवा टाकून बघत असे. हे मी स्वतः करतो आणि तुम्हालाही आग्रहाने सांगतो. मुठीएवढं मातीचं डोकं करा, नाक आणि कपाळ जरा अतिशयोक्त ठेवा, खोलीत अंधार करून खालून टॉर्च लावा. खालून आलेल्या उजेडात वरचा ओठ, नाकपुड्या आणि भुवयांची खालची बाजू उजळते, डोळ्यांच्या खोबणींत विचित्र सावल्या पडतात. हे कल्पनेने नीट जमत नाही.

जिन्याच्या गजांच्या सावल्याही बघून घ्या. लांबच्या दिव्याच्या सावल्या जवळजवळ समांतर असतात, कंदिलाच्या सावल्या पंख्यासारख्या पसरतात. आणि गजाच्या बुडाशी सावलीची कड धारदार असते, जसजशी ती भिंतीवर लांब जाते तसतशी मऊ होत जाते. एअरब्रशचं खरं काम हे आहे. सावलीचा उगम ब्रशने, शेपूट फवाऱ्याने.

बोर्ड गुळगुळीत, जाड आणि न वाकणारा घ्या. खरखरीत कागदावर फवारा उंचवट्यांवर बसतो आणि दाणेदार दिसतो. मी हॉट-प्रेस (गुळगुळीत दाबलेल्या) इलस्ट्रेशन बोर्डवर पातळ गेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देतो, दुसरा पहिल्याच्या काटकोनात, आणि वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासतो. रेखाटन उतरवताना मेणकट कार्बन वापरू नका, तो पातळ रंगाला धरू देत नाही. ट्रेसिंग पेपरच्या मागे पेन्सिल घासून उतरवा, आणि त्यावर पातळ मॅट मीडियमचा (रंगहीन, बिनचमकीच्या द्रवाचा) एक हात द्या, म्हणजे शिसं वर येऊन रंग मळवणार नाही.

पहिला थर संपूर्णपणे ब्रशचा. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन मिसळून जो तपकिरी-निळा गडद रंग होतो, त्या एकाच रंगात सगळं चित्र छटांमध्ये रंगवून घ्या. तयार काळा रंग इथे आणू नका, तो सावली बंद करून टाकतो. या थरातच सगळ्या कडा ठरतात आणि चित्र नव्वद टक्के वाचता यायला हवं. फोनवर फोटो काढा, काळा-पांढरा करा, लहान करून बघा. इथे चित्र भीती घालत नसेल तर पुढचे रंग घालणार नाहीत. माझा अर्धा वेळ याच टप्प्यात जातो.

मग एअरब्रश, मध्ये. शेवटी नाही. पारदर्शक रंगांचे पातळ फवारे या छटांवरून मारायचे, म्हणजे खालचं ब्रशकाम दिसत राहतं आणि रंग मात्र बदलतो. सावल्यांवर फ्थॅलो हिरवा आणि गडद लाल अ‍ॅलिझरिन यांचं मिश्रण, उजेडाच्या बाजूला पारदर्शक पिवळा आणि नारिंगी. एका जाड फवाऱ्यापेक्षा पाच पातळ. प्रत्येक थराआधी आधीचा पूर्ण वाळू द्या. त्यानंतर पुन्हा ब्रश: अपारदर्शक रंगाने चेहरा, बोटं, कंदिलाची तार, लाकडाच्या चिरा. मग गरज असेल तिथेच पुन्हा फवारा, आणि सगळ्यात शेवटी ब्रश, रंगीत पेन्सिल आणि ब्लेडचं टोक. शेवटचा हात नेहमी कडक हत्याराचा असावा. एखाद्याला चेहरा तेलरंगात करायचा असेल तर अ‍ॅक्रेलिकवर तेलरंग चालतो, पण त्यानंतर वर अ‍ॅक्रेलिकचा फवारा मारायचा नाही, तो नीट धरत नाही आणि पुढे सुटून येतो.

आता तुमच्या ढगासारख्या भुताकडे. तुम्ही गडद भिंतीवर पांढरा फवारलात, बरोबर? गडद पृष्ठभागावर पांढऱ्याचा अतिपातळ थर बसला की तो निळसर, दुधाळ दिसतो. रंगाचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि मागचा अंधार तो निळेपणा उठून दाखवतो. काळ्या पार्श्वभूमीवर धूर निळसर दिसतो तोही याच कारणाने. कंदिलाची प्रभा पांढऱ्या फवाऱ्याने केली की ती राखेसारखी गार पडते, त्याचं कारण हेच. उपाय दोन आहेत. एक, प्रभेची जागा पहिल्या थरापासून उजळ राखायची आणि भोवतालचा अंधार फवाऱ्याने आत आणायचा. म्हणजे उजेड फवारायचा नाही, काळोख फवारायचा. हा माझा आवडता मार्ग. दुसरा, पांढरा फवारायचाच असेल तर तो वाळल्यावर त्यावर पारदर्शक पिवळ्या-नारिंगीचा फवारा देऊन ऊब परत आणायची. भुताभोवती मात्र हाच निळेपणा वरदान आहे. तिथे दोन पातळ फवारे पुरे, तिसऱ्याला चित्र खडूसारखं होतं.

यंत्राबद्दल. ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, असा दुहेरी क्रियेचा एअरब्रश आणि ०.३ मिलिमीटरचा नोझल या कामाला पुरतो. मोठ्या पार्श्वभूमीसाठी ०.५ असेल तर सोय होते. दाब १५ ते २५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) मध्ये. रंग पातळ आणि दाब कमी असला तरच बारीक रेघ येते. दाट रंग कमी दाबात थुंकल्यासारखे ठिपके टाकतो. रंग दुधाइतका वाहता हवा. तो नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर त्यातला बांधणारा घटक विरळ होतो आणि थर भुकटीसारखा निघतो, म्हणून एअरब्रशचं मीडियम वापरा. गाळून घ्यायला नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा उत्तम.

हवा आधी, रंग नंतर. थांबताना रंग आधी बंद, हवा शेवटी. ही सवय बोटांत बसली नाही तर प्रत्येक फवाऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एक थेंब पडतो, आणि तो नेमका चेहऱ्यावर पडतो. फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. कोळ्याच्या पायांसारख्या रेघा फुटत असतील तर रंग जास्त आहे, किंवा हात फार जवळ आणि संथ आहे. फवारा मध्येच बारीक होत बंद पडत असेल तर सुईच्या टोकावर अ‍ॅक्रेलिक वाळलाय. दर काही मिनिटांनी क्लीनरमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने टोक पुसा. अचानक पाण्याचे टिपके आले तर नळीत ओल जमली आहे. काँप्रेसरला पाणी अडवणारा सापळा नसेल तर तो आधी बसवा.

मास्किंगचं, म्हणजे फवारा नको तो भाग झाकण्याचं, सांगायला हवं, कारण पुष्कळ चित्रं इथे मरतात. चिकट फिल्म सगळीकडे लावून, कापून, फवारून काढली की प्रत्येक आकार कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चिकट फिल्म मी फक्त दोन-तीन ठिकाणी वापरतो, कंदिलाची काच किंवा कठड्याची वरची कड अशा खरोखर कडक जागी. ब्लेड नवं हवं आणि हात इतका हलका की फिल्म कापली जावी, बोर्ड नाही. बोर्डवर चर पडली की तिच्यात रंग साचतो आणि ती रेघ कायमची राहते. खालचं अ‍ॅक्रेलिक निदान एक दिवस वाळलेलं असू द्या, फिल्म रात्रभर तशीच ठेवू नका, आणि फवारा फिल्मकडून मोकळ्या जागेकडे मारा, उलटा मारला तर रंग तिच्या खाली शिरतो.

बाकी सगळीकडे सुटे मास्क. ॲसिटेटचा तुकडा कापून चित्रापासून तीन-चार मिलिमीटर उचलून धरा, खाली दोन नाणी ठेवली तरी चालतं. जितका उचलाल तितकी कड मऊ. एक टोक टेकवून दुसरं उचललं तर एकाच रेघेत कड धारदार सुरू होऊन विरत जाते, जिन्याच्या गजाची सावली अशी एका फवाऱ्यात होते. धुक्यासाठी कापूस पिंजून बोर्डवर पसरा आणि वरून फवारा. भिंतीच्या पोपड्यांसाठी हाताने फाडलेला कागद. त्याची कड कुठल्याही ब्लेडला जमत नाही.

प्लॅस्टिकसारखा चेहरा हा पोत गेल्याचा परिणाम आहे. खऱ्या त्वचेवर रंध्रं असतात, गालावर लाली एकसारखी नसते, नाकाच्या शेंड्यावर तेलकट चमक असते. फवाऱ्याने ही सगळी विषमता पुसली. ती परत आणा. दाब ७-८ पीएसआयपर्यंत उतरवला की फवारा दाणेदार होतो. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला असे लालसर आणि हिरवट दाणे मारा, बाकी चित्र झाकून. मग टोकदार रंगीत पेन्सिलने कपाळावर, ओठांच्या कडेला आडवेतिडवे बारीक फटकारे. मॅट अ‍ॅक्रेलिकवर पेन्सिल छान धरते. जिथे उजेडातून सावलीकडे वळण आहे तिथे पोत सगळ्यात जास्त दिसतो, पूर्ण उजेडात आणि पूर्ण अंधारात जवळजवळ नसतो. हे पाळलं तर थोड्याच पोताने चेहरा जिवंत होतो. घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांपेक्षा गळ्याच्या ताणलेल्या शिरा आणि जरासे उघडे ओठ जास्त बोलतात, तेवढ्यासाठी आरशासमोर उभं राहा.

रक्त घालायचं असेल तर कमी घाला. ताज्या रक्ताला खोली असते, म्हणून अ‍ॅलिझरिनचे पारदर्शक थर आणि एकच कडक चमक. वाळलेलं तपकिरी आणि मंद.

एक गोष्ट मात्र विनवून सांगतो. एअरब्रशमधून कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिशाचे रंग कधीही फवारू नका. ब्रशने लावताना जे रंग सांभाळून वापरता येतात, तेच फवाऱ्यात श्वासातून थेट फुफ्फुसात जातात. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे क्रमांक वाचायची सवय लावा: पीवाय ३५, पीवाय ३७, पीओ २० आणि पीआर १०८ ही कॅडमियमची कुटुंबं, पीबी २८ कोबाल्ट, पीडब्ल्यू १ शिशाचा पांढरा. नावापुढे 'ह्यू' असेल तर बहुधा पर्यायी रंगद्रव्य असतं, पण खात्री क्रमांकावरूनच करा. बिनविषारी समजले जाणारे रंगही फवारताना श्वासात घ्यायचे नसतात. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क चालत नाही, कण अडवणाऱ्या फिल्टरचा घट्ट बसणारा रेस्पिरेटर हवा, आणि द्रावक वापरत असाल तर वाफा अडवणारं कार्ट्रिजही. बाहेर हवा ओढणारा पंखा लावा. फवारणं थांबल्यावरही बराच वेळ कण हवेत असतात, लगेच मास्क काढू नका.

छपाई. एका मुखपृष्ठात मी एक अख्खी आकृती गमावली आहे. तळघराच्या अंधारात उभी होती, मूळ चित्रात नीट दिसत होती, मला तिचा अभिमान होता. छापून आलं तेव्हा तिथे सपाट काळा होता. छापखान्याला दोष देऊन उपयोग नव्हता, कारण मी शेवटच्या दोन छटांमध्ये एवढाच फरक ठेवला होता की तो फक्त चांगल्या उजेडात, मूळ बोर्डवरच दिसावा. कागदावर शाईचा ठिपका पसरतो, त्यामुळे मधल्या छटा गडद होतात आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. तेव्हापासून मी काळोखातल्या ज्या गोष्टी वाचकाला दिसायलाच हव्यात त्या मनाला पटेल त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवतो. बोर्डवर त्या थोड्या उघड्या वाटतात, छपाईत बरोबर बसतात.

रंगांचंही तसंच. पडद्यावर किंवा बोर्डवर दिसणारा झगझगीत हिरवा, गडद जांभळा-निळा आणि तेजस्वी नारिंगी सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शायांच्या) छपाईत मावत नाहीत, ते मळके होतात. तुमचा भुताचा हिरवा उजेड चमकदार दिसावा असं वाटत असेल तर हिरवा जास्त भडक करू नका, त्याच्या भोवतालचा भाग करडा आणि लालसर करा. फ्लुरोसंट रंग स्कॅनमध्ये येतच नाहीत. चकचकीत वार्निशही स्कॅन झाल्याशिवाय नको, दिव्याचं परावर्तन पकडलं जातं. स्कॅन छापील आकारात किमान ३०० डीपीआय पडेल असा करा, मी मूळ आकाराला ६०० वर करतो. सीएमवायके करताना चारही शाया मिळून किती टक्के चालतात ते छापखान्याकडून विचारून घ्या. चकचकीत कागदावर ही मर्यादा साधारण ३०० टक्क्यांच्या आसपास असते, साध्या कागदावर बरीच कमी. आणि जमलं तर चित्राच्या सगळ्यात गडद भागाची एक पट्टी त्याच कागदावर आधी छापून बघा.

राहिलं हातातल्या चित्राचं. ते टाकू नका. बोर्ड दोन दिवस वाळू द्या, मग पातळ मॅट मीडियमचा एक हात द्या, म्हणजे वरचा भुकटीसारखा फवारा बसेल आणि पेन्सिल-ब्रश धरायला पृष्ठभाग मिळेल. जिन्याच्या पायऱ्यांच्या पुढच्या कडा अपारदर्शक करड्या-तपकिरीने पुन्हा काढा, कंदिलाजवळच्या तीन पायऱ्या ठळक आणि वर जाताना फिक्या होत जाणाऱ्या. प्रभेवर पारदर्शक नारिंगीचा एक फवारा. भुताचा चेहरा अल्ट्रामरिन-अंबरच्या पातळ थराने अंधारात ढकला, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. मग काँप्रेसर बंद करा, दोन नंबरचा ब्रश घ्या आणि कठड्यावर बोटं रंगवा.